इंदापूरची मोजणी, नीरेचा कालवा आणि आजचा सॉफ्टवेअर अभियंता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी घरी भेटावयास आला होता. गाव इंदापूर तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडचे. बारावीपर्यंत तो आमच्या वर्गात मराठी शिकला, पुढे बारामतीस अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि आता काही वर्षे हिंजवडीत सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करतो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, काम रात्रंदिवस करतो, पण काम होत नाही." त्याच्या चमूने तीन वर्षे खपून एका जुन्या प्रणालीच्या जागी नवी प्रणाली उभी केली होती. नवी प्रणाली जुनीपेक्षा सर्वार्थाने बुद्धिमान होती. मात्र ज्यांच्यासाठी ती केली ते कारकून गुपचूप जुन्या वह्याच वापरत होते. कार्यक्षमता कशी वाढवावी यावरची पुस्तके त्याने वाचली होती. पहाटे उठणे, कामांच्या याद्या करणे, फोन दूर ठेवणे हे सारे करून झाले होते. निघताना तो थट्टेने म्हणाला, "तुमच्या इतिहासात यावर काही औषध आहे का?"

औषध आहे की नाही, हे सांगता येणार नाही. मात्र हा रोग जुना आहे, आणि त्याचे एक ठळक प्रकरण त्याच्याच तालुक्यात सुमारे एकशे नव्वद वर्षांपूर्वी घडले आहे, एवढे त्याला सांगितले. ते बोलणे येथे थोड्या विस्ताराने मांडतो. साहित्याच्या वाचकांनी महसुलाचा इतिहास का वाचावा, अशी शंका कोणाच्या मनात येईल. परंतु ज्या समाजात ‘सातबारा’ हा शब्द वाक्प्रचार झाला आहे आणि ‘सातबारा कोरा’ ही राजकीय घोषणा झाली आहे, त्या समाजातल्या वाचकाने हा कागद मुळात कोणी व कसा रचला, हे पाहिले पाहिजे असे मला वाटते. सातबारा हीसुद्धा एक संहिताच आहे, आणि बहुधा मराठीतली सर्वाधिक वाचली जाणारी.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न होता तो सारा किती घ्यावा याचा. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल हेलिबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात शिकलेला होता, आणि तेथे अर्थशास्त्र शिकवीत होते ते लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळे जगभर ठाऊक झालेले माल्थस. खंडाचा सिद्धान्त तेव्हा इंग्लंडात अगदी ताजा होता. जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा सारा खर्च वजा जाता जे निव्वळ उरते तेवढ्यावरच सरकारने हक्क सांगावा, म्हणजे शेतकऱ्याच्या नफ्याला वा मजुरीला धक्का लागत नाही, असे त्या विचाराचे सूत्र. सूत्र निर्दोष होते. प्रिंगलने ते जसेच्या तसे दख्खनच्या पठारावर लावावयाचे ठरविले.

त्यासाठी त्याने शेतांची मोजणी करविली, काळी, तांबडी, बरड अशी जमिनीची प्रतवारी करविली आणि प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सरासरी किती पीक येते, त्याला बैल, बी, मजुरी मिळून किती खर्च येतो, बाजारात काय भाव मिळतो, याचा हिशेब मांडावयास घेतला. या हिशेबातून निघालेल्या निव्वळ उत्पन्नाचे शंभरातील पंचावन्न भाग सरकारचे. कागदावर याहून न्याय्य अशी व्यवस्था तोवर कोणी मांडली नव्हती. साऱ्याचा प्रत्येक आकडा कोणत्या ना कोणत्या कारणातून निघत होता. आमच्या अभियंत्याच्या भाषेत बोलावयाचे तर ही अत्यंत सुरेख रचना होती.

१८३० मध्ये हे दर लागू झाले आणि इंदापूर तालुका बसला. धान्याचे भाव उतरले होते, पाऊस पाठ फिरवीत होता, आणि सारा मात्र सिद्धान्ताने ठरविल्याप्रमाणे उभा होता. शेते पडीक पडू लागली, माणसे गाव सोडून शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेली. वसुलीसाठी रयतेवर छळ झाला, याची कबुली पुढे मुंबई सरकारच्याच अहवालाने दिली आहे. रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात तो उतारा घेतल्यामुळे तो सर्वांना ठाऊक झाला.

हे का घडले? प्रिंगल आळशी नव्हता आणि दुष्टही नव्हता. त्याचे कष्ट पाहिले तर आजच्या कोणत्याही अभियंत्याला लाज वाटावी. माझ्या मते त्याची चूक दुहेरी होती. एक तर ज्या गोष्टी मोजता येत नव्हत्या त्या मोजता येतात असे त्याने धरले. एका प्रतीच्या जमिनीत दहा वर्षांत सरासरी किती बाजरी येते, हे गावच्या पाटलालाही नेमके सांगता येत नाही. कारण नेमके कोणी मोजलेलेच नसते, आणि मोजले असले तरी सरकारी माणसापुढे खरे सांगण्यात त्याचे हित नसते. मग जी माहिती आली ती दुय्यम कर्मचाऱ्यांच्या हातून, भीतीतून, लाचेतून आणि अंदाजातून आलेली होती. दुसरे असे की हिशेबाच्या पायऱ्या इतक्या आणि एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की शेवटचा आकडा चुकला तर नेमके कोठे चुकले हे शोधणे प्रिंगललाही शक्य नव्हते. खर्चाचा अंदाज चुकला? भाव चुकला? प्रतवारी चुकली? सारे एका आकड्यात विरघळून गेलेले.

येथे बारामतीच्या मोरोपंतांची आठवण अपरिहार्य आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहून पंतांनी रामायणाची किती रूपे केली! त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लावून उच्चारावयाचे एकही अक्षर येऊ द्यावयाचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःवर लादून घेतला. ‘परंतु’ रामायण, दाम रामायण ही त्याच जातीची. या साऱ्याला पांडित्यप्रदर्शन म्हणून नाक मुरडण्याची आपल्या समीक्षेत रीत आहे, आणि वर्गात शिकवताना मीही ती पाळली आहे. पण पंतांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्यांनी नियमाचा भार स्वतः उचलला. वाचकाला त्याची तोशीस नाही. नियम ठाऊक नसला तरी निरोष्ठ रामायण वाचता येते. प्रिंगलच्या पांडित्याचा भार मात्र इंदापूरच्या रयतेने उचलला.

१८३५ मध्ये हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी अभियंता, असे दोघे इंदापुरात फेरपाहणीस बसले. या जोडीत एकाने रयतेच्या तक्रारींत मुरलेले असावे आणि दुसऱ्याने मोजमापाच्या शास्त्रात, हा योग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचे काम बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सगळी गंमत तपशिलात आहे.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की निव्वळ उत्पन्नाचा हिशेब संपूर्ण सोडून दिला. सिद्धान्त खोटा म्हणून नव्हे. तो वापरता येत नाही म्हणून. मग प्रश्नाचे दोन तुकडे केले. एक प्रश्न असा, की एका मुलखातल्या गावांच्या गटावर एकूण भार किती असावा? याचे उत्तर शास्त्राने मिळत नाही, हे त्यांनी स्वच्छ मान्य केले. मागील अनेक वर्षांची वसुली पाहावी, पाऊसमान पाहावे, बाजारपेठ किती दूर आहे ते पाहावे, लोकांची आजची अवस्था पाहावी आणि अनुभवी माणसाने तारतम्याने दर ठरवावा. दुसरा प्रश्न असा, की ठरलेला भार एका शेतावर किती आणि शेजारच्या शेतावर किती? हे मात्र मोजता येते. कारण येथे जमिनीचे खरे उत्पन्न कळण्याची गरज नाही, एक जमीन दुसरीच्या मानाने किती सरस वा निरस आहे एवढेच कळावयास हवे.

ही विभागणी वाचताना मला दर वेळी विलक्षण वाटते. जे तारतम्याचे ते तारतम्याकडे, जे मोजमापाचे ते मोजमापाकडे. आणि दोहोंमध्ये एक भिंत. पुढे दर चुकला असे दिसले, तर प्रतवारीला हात न लावता दर बदलता येतो. एखाद्या शेताची प्रत चुकली, तर गावाचा दर तसाच ठेवून ती सुधारता येते. प्रणालीचे भाग कसे पाडावेत यावर डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एका कप्प्यात झाकून ठेवावा, म्हणजे तो बदलताना बाकीची इमारत हलत नाही, असे त्याचे सार आहे. आमच्या विद्यार्थ्याला हा निबंध अभ्यासक्रमात होता. त्याचे उदाहरण त्याच्या घराच्या बांधावर उभे आहे, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

प्रतवारीची रीतही पाहण्यासारखी आहे. महसुली मराठीत तिला प्रतबंदी म्हणतात. प्रती नऊच. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. रुपयाचे सोळा आणे ज्याला कळतात त्या कोणालाही ही मोजपट्टी कळते. प्रत ठरविण्यास पाहावयाचे काय? जमिनीचा पोत व रंग यांवरून तीन वर्ग, आणि मातीची खोली, ती हातांत मोजलेली. पौणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन असेल तर सोळा आणे. खोली पाव हाताने कमी झाली की प्रत एक पायरी खाली. मग दोष पाहावयाचे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी धरून राहणे, धुपून जाणे, असा एकेक दोष आढळला की एकेक पायरी उतरावयाची. प्रत्येक दोषाला एक खूण. शेताचा छोटा नकाशा काढून त्याचे कल्पित भाग पाडावयाचे आणि प्रत्येक भागात खोलीचा आकडा व दोषाची खूण मांडावयाची.

हा नकाशा म्हणजे या व्यवस्थेचा प्राण होय. प्रतबंदी करणाऱ्या कारकुनाने नुसती ‘आठ आणे’ अशी नोंद केली असती, तर ती खरी की खोटी हे कोणी सांगावे? परंतु या भागात पाऊण हात माती, येथे उतार, असे त्याला लिहावे लागे. वरचा अधिकारी अचानक येऊन त्याच ठिकाणी पहार मारून खोली पाहू शके. मोजणीचाही काही भाग वरिष्ठांनी स्वतः पुन्हा करून ताडून पाहावा, असा दंडक होता. प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवण्याऐवजी अप्रामाणिकपणा उघडा पडेल अशी नोंदीची रीत त्यांनी बसविली. आपला लिहिलेला प्रोग्राम सहकाऱ्याला तपासता यावा अशा रीतीने लिहावा, असे आज प्रत्येक कंपनीत सांगतात. सांगणे सोपे असते. नोंदीची रीत बसविणे अवघड.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचेही सोळा भाग, म्हणजे आणे. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सर्व्हे नंबराचा आकार ठरविताना एका बैलजोडीला किती जमीन कसता येते, हे मान डोळ्यांपुढे ठेवलेले. शेताच्या कोपऱ्यांवर दगड आणि मातीचे बुरूज. शेतकऱ्याने वर्षाच्या ठराविक मुदतीत राजीनामा देऊन नंबर सोडावा, कबुलायत देऊन नवा घ्यावा, ही मोकळीक. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकार तीस वर्षे कायम. विहीर खणली, बांध घातला, तरी त्या सुधारणेवर सारा वाढावयाचा नाही. १८३६ मध्ये इंदापुरात ही व्यवस्था सुरू झाली. दर प्रिंगलच्या मानाने बरेच हलके होते. पडीक शेते पुन्हा वहितीखाली येऊ लागली.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या दोघांनी सबंध मुंबई इलाख्याची योजना आधी लिहून मग ती इंदापुरात राबविली, असे झाले नाही. आधी इंदापूर, मग शेजारचे तालुके. प्रत्येक ठिकाणी नियम थोडे बदलत गेले. १८४० मध्ये त्यांनी एक संयुक्त अहवाल दिला. पद्धतीचे नियम पक्के होऊन गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांचा सुप्रसिद्ध संयुक्त अहवाल आला तो १८४७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांच्या कामानंतर. कायदा तर १८६५ मध्ये झाला. आधी काम, मग नियम, मग कायदा. आयबीएमच्या एका अवाढव्य प्रणालीचे काम सांभाळलेला फ्रेड ब्रुक्स याने १९७५ च्या आपल्या पुस्तकात असे म्हटले होते की पहिली रचना टाकून देण्याची तयारी ठेवावी, कारण ती टाकावी लागतेच. वीस वर्षांनी नवी आवृत्ती काढताना त्याने हे मत स्वतःच दुरुस्त केले. एक अख्खी रचना टाकून दुसरी अख्खी उभारण्यापेक्षा लहानसे चालते रूप करून ते वाढवीत न्यावे, हे त्याला अधिक खरे वाटू लागले. प्रिंगल हा ब्रुक्सच्या पहिल्या मताचा दाखला आहे आणि विंगेट दुसऱ्या मताचा.

येथपर्यंतचे ऐकून आमचा विद्यार्थी खूश झाला. त्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटले. पण गोष्ट येथे थांबविणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते.

व्यवस्था यशस्वी झाली म्हणजे काय झाले? शेतावर कोणाचा हक्क आहे हे नोंदले गेले. आकार हलका आणि कायम झाल्यामुळे शेताला किंमत आली. ज्या वस्तूला किंमत आहे आणि जिच्यावरचा हक्क कागदावर आहे, ती गहाण ठेवता येते. सावकाराला पूर्वी पीक दिसत होते, आता जमीन दिसू लागली. आणि नव्या दिवाणी न्यायालयांनी त्याच्या हातात हुकूमनामा दिला. विंगेटच्या हे लक्षात आले होते, हे त्याचे मोठेपण. १८५२ मध्ये त्यानेच शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाबद्दल आणि सावकाराच्या वाढत्या बळाबद्दल सरकारला लिहिले. आपण केलेल्या रचनेचे अनपेक्षित परिणाम स्वतः पाहून ते लिहून ठेवणारे अभियंते कोणत्याही काळात थोडेच.

इंदापूरची तीस वर्षांची मुदत १८६० च्या दशकाच्या अखेरीस संपली. मधल्या काळात मुंबईहून रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली होती आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे व त्यामागोमाग साऱ्याच मालाचे भाव चढले होते. फेरआकारणी करणाऱ्यांनी ही भरभराट कायमची धरली आणि सारा लक्षणीय वाढविला. युद्ध तर १८६५ मध्येच संपले होते. भाव कोसळले, आकार मात्र नवा. जो निर्णय तारतम्यावर सोपविला होता त्यात तारतम्य राहिले नाही, असे म्हणावे लागते. भिंतीमुळे दर बदलणे सोपे झाले होते. चुकीचा दर लावणेही तितकेच सोपे झाले होते.

१२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दंगा पेटला आणि पुणे-नगरच्या गावांत पसरला. दख्खनचे दंगे या नावाने तो इतिहासात ओळखला जातो. त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांना वह्या आणि कर्जरोखे हवे होते. ते मिळाले की जाळावयाचे. निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनी कागदाचे सामर्थ्य इतके अचूक ओळखले होते! लेखनाच्या सत्तेबद्दल आपण वर्गात फ्रेंच विचारवंतांच्या आधाराने बोलतो; त्या चर्चेत सुप्याच्या बाजाराचा उल्लेख का येत नाही, हे मला उमगलेले नाही.

दंग्यानंतर वर्षभरातच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला, आणि दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी जो कालवा खोदला तो नीरेचा डावा कालवा. वेळवंडी नदीवर भाटघरला धरण, वीर येथे कालव्याचे मुख, आणि तेथून पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैलांचा प्रवास. आता पाणी आले. पण पाणी वाटावयाचे कसे? चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीवाला शेतकरी पाणी मागत नसे. पैसे देऊन पाणी घ्यावे आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस यावा, हा जुगार त्याला परवडत नव्हता. दुष्काळात मात्र सारेच एकदम मागत आणि ते पुरत नसे. ऊसवाल्याला बारमाही पाणी हवे; म्हणून कालव्याच्या मुखाजवळच्या थोड्या गावांत ऊस दाटला आणि शेपटाकडे कोरडे राहिले.

या प्रश्नाला १९०० च्या आसपास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी हात घातला. ते पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते आणि आता पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचे काम पाहत होते. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव सर्वांच्या तोंडी असते. मला त्यांची ‘ब्लॉक’ पद्धती अधिक मोलाची वाटते, कारण तीत यंत्र नाही. केवळ वाटणीची रचना आहे. कालव्यावरच्या जमिनीचे ठराविक तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडावयाचे. तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची हंगामी पिके, अशी फेरपालट ठेवावयाची. त्या अटीवर शेतकऱ्याला अनेक वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावयाची. हमी मिळाल्याने शेतकरी जमिनीत पैसा घालण्यास धजावतो. खात्याला किती पाणी कोठे लागेल हे आधीच कळते. ऊस एका जागी दाटत नाही, त्यामुळे जमीन पाणथळ होण्याचा धोकाही आटोक्यात राहतो. दर हंगामाला नव्याने अर्ज, नव्याने मंजुरी ही दगदगही पुष्कळ टळते. पुढच्या काळात ‘ब्लॉक’ हा शब्द या भागात इतका रुळला, की म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी तो मराठीच होऊन गेला.

या पद्धतीत आणि विंगेटच्या प्रतबंदीत एक नाते आहे. दोघांनीही माणूस सुधारावा अशी अट घातली नाही. मुखाजवळच्या शेतकऱ्याने शेपटाकडच्याचा विचार करावा, असा उपदेश विश्वेश्वरय्यांनी केला नाही. ज्या तुकड्यात फेरपालट आहे त्यालाच पाण्याची हमी, एवढे केले.

तरीही पाणी आपल्या गतीने गेलेच. भरपूर पाणी, खोल काळी जमीन आणि निचरा नाही, यामुळे नीरेच्या खोऱ्यात जमिनी खारवू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्ये या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच लिहिली. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी जी खास शाखा काढली तिच्यापुढेही पाणथळ जमिनींचा हाच प्रश्न होता. त्या शाखेतून पुढे खडकवासल्याची जलसंशोधन संस्था वाढली. ज्याला आपण कालव्याचे यश म्हणतो त्याच्या पोटात ही चोपण जमीन आहे. आणि शेपटाकडचे गाव? भाटघरचे धरण १९२० च्या दशकात मोठे झाले, शेजपाळीचे नियम आले, पाटकरी आले, नमुना सातचे पाणीअर्ज आले; पण आवर्तन सुटले की इंदापूरच्या टोकाच्या गावाला पाळी पोहोचते का, हा प्रश्न आजही प्रत्येक उन्हाळ्यात ऐकू येतो. आमचा विद्यार्थी त्याच टोकाचा. तो म्हणाला, "आमच्याकडे पाणी कॅलेंडरात येतं सर, चारीत नाही."

हे बोलणे झाल्यावर मी त्याला आमच्या घरचा सातबारा दाखविला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर. त्यावर क्षेत्राखाली पोटखराब आहे, आणि आकाराचा एक रकाना आहे, त्यात काही रुपये व पैसे. कोणीही सहसा न वाचणारा हा आकडा विंगेटच्या पद्धतीचा वंशज आहे. सर्व्हे नंबरांचे एकत्रीकरणात गट नंबर झाले, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, आण्यांचे पैसे झाले, आकार राहिला. अलीकडच्या काळात हा सारा ऐवज संगणकावर आला आणि आता डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो, ही सोय किती मोठी आहे ते तलाठ्याच्या दारात ताटकळलेल्यांनाच कळेल. पण हस्तलिखितावरून संगणकावर घेताना आमच्या उताऱ्यात काही आर कमी पडले आणि एका चुलत्यांचे नावच गळाले. असे इतरांचेही झाले. म्हणूनच हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करण्याची वेगळी सोय राज्यभर करावी लागली. आमची दुरुस्ती होण्यास दोन वर्षे गेली. चुलते तोवर हयात राहिले नाहीत.

विद्यार्थ्याने तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारले, "हे भरताना समोर मूळ पानाचं चित्र दिसत होतं का, म्हणजे चूक जागेवर पकडता आली असती?" मला ते ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "आमच्याकडेही नाही. कारकून जुनी वही ठेवतात ती त्यासाठीच असेल. नव्या प्रणालीत आकडा दिसतो. तो कुठून आला ते दिसत नाही." त्यांच्या प्रणालीत प्रत्येक आकडा अनेक नियमांच्या गाळणीतून निघतो आणि शेवटी एकच संख्या पडद्यावर येते, हे त्याने मग उलगडून सांगितले. प्रिंगलचे नाव त्याने घेतले नाही, मीही घेतले नाही.

रात्र झाली होती. इंदापूरची शेवटची गाडी साडेनऊला असते. जाताना तो एवढेच म्हणाला की सुट्टी संपल्यावर पहिला आठवडा प्रोग्राम लिहिण्यात न घालवता त्या कारकुनांच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे, आणि त्यांच्या जुन्या वहीत समासाला कोणत्या खुणा आहेत त्या उतरवून घेणार आहे.